शून्यातून किती वजा?

रेशनच्या कागदांत ग्रामीण भागातल्या अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ४४ हजारांच्या वर गेलं, की ते कुटुंब स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीला जड होतं. शहरात ही रेषा ५९ हजारांवर आहे. पिवळ्या कार्डाची मर्यादा १५ हजार. वर्षाची बरं का, महिन्याची नव्हे. लाडकी बहीण व्हायचं तर घरातलं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दहा टक्के आरक्षणासाठी आर्थिक दुर्बल ठरायचं तर आठ लाखांच्या आत. आणि १ एप्रिल २०२५ पासून आयकर खात्याच्या दारात बारा लाखांपर्यंत कमावणारा माणूस असा, की त्याच्यापुढे हात पसरायला सरकारलाच लाज वाटावी.

काही रेषा दिल्लीच्या, काही मुंबईच्या. सरकारं दोन असली तरी इंजिन डबल आहे, म्हणजे गाडी एकच. त्याच गाडीत एका डब्यात ४४ हजार एक रुपयावाला श्रीमंत आणि शेजारच्या डब्यात अकरा लाख नव्याण्णव हजारवाला बिचारा.

आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला काढायला देवरुखला जावं लागतं. तालुक्याला नाव संगमेश्वरचं आणि तहसील कचेरी देवरुखला, ही जुनी गंमत आहे. आधी तलाठ्याकडे जायचं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. पाटी बदलली, टेबल तेच. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला रोज ३१२ रुपये. या रोजाने कुणी १४२ दिवस राबला तर ४४ हजार ओलांडले, माणूस यादीला जड झाला. याच रोजाने बारा लाख जमवायचे तर ३,८४७ दिवस लागतात. वर्षाला शंभर दिवस काम मिळालं तर साडेअडतीस वर्षं. तेवढ्या मुदतीत माणसाची कंबर जाते, पण आयकराची काळजी मात्र राहत नाही.

ही सगळी करकपात आमच्या संगमेश्वरी बोलीत टपरीवरच्या बाकावर तीन वाक्यांत आटपते.

‘बारा लाख माफ केलान म्हणं.’

‘कुनाचं?’

‘ज्याचं हायत त्याचं.’

यापुढे खरं म्हणजे सदर लिहायची गरज नाही. पण संपादकांना जागा भरून हवी असते.

तर आधी ‘माफ’ म्हणजे काय ते पाहू. बारा लाखांपर्यंत कर बसतच नाही असं नाही. चार लाखांपर्यंत बसत नाही. पुढच्या चारांवर पाच टक्के, त्याच्या पुढच्या चारांवर दहा टक्के, असा साठ हजार कर कागदावर उभा राहतो, आणि कलम ८७-अ खाली तेवढीच सूट मिळून तो पुसला जातो. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट, म्हणून त्याचे पावणेतेरा लाख सुटतात. चार लाखांच्या वर कमाई गेली तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरायचंच. म्हणजे काही देणं नाही हे दरवर्षी लेखी कळवायचं.

आता फायद्याची रांग. ती विरोधकांनी काढलेली नाही, १ फेब्रुवारी २०२५ च्या भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच उदाहरणांसह सांगितली. बारा लाखवाल्याचे ८० हजार वाचले. अठरा लाखवाल्याचे ७० हजार. पंचवीस लाखवाल्याचे एक लाख दहा हजार. ही रांग वरून खाली वाचली जाते आणि बारा लाखांवर येऊन थांबते. आपण खाली जाऊ. सात लाखवाल्याचे किती वाचले? शून्य, कारण त्याला आधीच्या अर्थसंकल्पांनी सोडलेलंच होतं. तीन लाखवाल्याचे? शून्य. संगमेश्वर रोड स्टेशनबाहेर रिक्षा लावून कोकणकन्येची वाट पाहणाऱ्याचे? शून्य. माखजनकडे चिऱ्याच्या खाणीत दगड उचलणाऱ्याचे? शून्य. शून्यातून कितीही मोठं मन करून वजा केलं तरी हातात शून्यच येतं. हे गणित दिल्लीला येत नसेल असं मला वाटत नाही.

त्याच भाषणात आणखी दोन आकडे शेजारी शेजारी होते. या सवलतींमुळे प्रत्यक्ष करांत सुमारे एक लाख कोटी रुपये आणि अप्रत्यक्ष करांत २,६०० कोटी रुपये सरकार सोडणार होतं. प्रत्यक्ष कर म्हणजे जो कमाईवर लागतो, अप्रत्यक्ष म्हणजे जो दुकानात लागतो. अडतीसास एक असं हे औदार्य. त्याच अर्थसंकल्पात रोजगार हमीला ८६ हजार कोटी होते, आदल्या वर्षीच्या अंदाजाएवढेच. देशभरातल्या मजुरांसाठी ठेवलेल्या रकमेपेक्षा करदात्यांना सोडलेली रक्कम मोठी. आणि हे करदाते किती? ३१ जुलै २०२४ पर्यंत देशात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रं भरली गेली होती. लोकसंख्या १४० कोटींवर. त्या सव्वासात कोटींतही बरेच जण शून्य कर कळवण्यासाठीच आलेले.

मला बारा लाखवाल्याचा राग नाही. डोंबिवलीत दोन खोल्यांचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी आणि गावच्या घराची कौलं हे सगळं सांभाळणाऱ्या चाकरमान्याला ८० हजार मिळाले तर माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. फक्त त्या आनंदाची बातमी गावच्या टीव्हीवर ‘सामान्य माणसाला दिलासा’ या मथळ्याखाली दाखवली जाते, तेव्हा गावचा सामान्य माणूस खिसा चाचपतो. हल्ली मध्यमवर्ग हा शब्दच एवढा उंच गेला आहे, की मध्यभागी उभा असलेला माणूस त्याच्याकडे मान वर करून पाहतो.

एक कागदी चमत्कारही या भानगडीत झाला. गरीब कोण हे ठरवायची सरकारची एक सोपी खूण होती: जो आयकर भरत नाही तो. लाडकी बहीण योजनेतही घरात आयकर भरणारा असला की नाव कटतं. तिथे निदान अडीच लाखांची वेगळी अट आहे. पण पीएम किसान सन्मान निधीत उत्पन्नाची मर्यादाच नाही. सातबारावर नाव हवं, सरकारी नोकरी किंवा मोठं निवृत्तिवेतन नको, नोंदणीकृत डॉक्टर-वकिलासारखा व्यवसाय नको, आणि मागच्या वर्षी आयकर भरलेला नको. आता ठाण्यात खासगी कंपनीत साडेअकरा लाखांवर असलेला, गावी वडिलोपार्जित वीस गुंठे नावावर असलेला गृहस्थ घ्या. कालपर्यंत तो आयकर भरायचा म्हणून अपात्र होता. आता त्याचा आयकर शून्य, म्हणजे कागदावर तो सन्मानाला पात्र झाला. दिल्लीचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार. आणि त्याच्या वीस गुंठ्यांत आवण लावणारी बाई? तिच्या नावावर सातबाराच नाही. तिचा सन्मान मनातल्या मनात.

शेतीचं उत्पन्न आयकरातून पूर्ण माफ, हेही जाता जाता सांगून टाकतो. शेकडो कलमांचा आंबा बागायतदार आणि त्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गुरखा, दोघंही आयकराच्या लेखी एकाच पंगतीत. समता आली नाही असं कोण म्हणतो?

अर्थतज्ज्ञ म्हणतात, असं रडू नका. वरच्याच्या हातात पैसा खेळला की तो खर्च करतो, मग खालच्याला काम मिळतं. याला ते पाझर म्हणतात. यात काहीच तथ्य नाही असं म्हणणं कोकणातल्या माणसाला शोभणार नाही; हा जिल्हा तीनचार पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर जगला आहे. गणपतीला आलेला चाकरमानी पडवी बांधायला काढतो तेव्हा गवंड्याला महिनाभर काम असतं. पण पाझराची गोष्ट कोकणात सांगताना जरा जपून. इथे चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, आणि मे महिन्यात सड्यावरच्या धनगरवाडीला पाण्याचा टँकर लागतो. पाणी वरून भरपूर पडतं, खाली जाताना मध्येच कुठे वळतं ते कातळाला माहीत. वाचलेल्या ८० हजारांतले किती नालासोपाऱ्याच्या बिल्डरकडे, किती म्युच्युअल फंडाच्या हप्त्यात आणि किती गावच्या गवंड्याकडे गेले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्या हातात सरळ देण्याऐवजी त्याच्या साहेबाच्या हातात द्यायचे आणि साहेबाच्या खर्चिकपणावर भिस्त ठेवायची, ही मोठी आध्यात्मिक अर्थव्यवस्था आहे.

यावर एक हुकमी उत्तर येतं. गरीब कर भरतोच कुठे, मग त्याला सूट कसली देणार?

भरतो. दाखवतो.

धरून चालू, एक गृहस्थ आहे. राहणार नावडी, संगमेश्वर. देवरुखच्या एखाद्या पतसंस्थेत शिपाई, पगार महिना अकरा हजार, वर्षाचे एक लाख बत्तीस हजार. आयकर आधी शून्य, नंतर शून्य. रोज जाऊन येऊन पस्तीसेक किलोमीटर. मोटरसायकल लिटरला पन्नास देते असं धरलं, तर महिन्याला सतरा-अठरा लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०५ च्या आसपास. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ पासून २१ रुपये ९० पैसे, आणि त्यावर राज्याचा व्हॅट २५ टक्के, वर आणखी लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. बेरीज केली तर प्रत्येक लिटरमध्ये साधारण पंचेचाळीस रुपयांच्या वर नुसता कर. वर्षाचे दहा हजारांच्या घरात. पगाराचे सात टक्क्यांहून जास्त, फक्त कामावर पोचण्यासाठी. साडेअकरा लाखवाल्याला सरकार कमाईवर शून्य टक्के लावतं. या शिपायाला कमाईच्या वाटेवरच सात टक्के द्यावे लागतात. पण पंपावरच्या पावतीवर ‘आयकर’ असं छापलेलं नसतं, म्हणून तो कर न भरणारा.

त्याला म्हणाल, एसटीने जा. जाईल की. करकपातीच्या भाषणाच्या आठवडाभर आधी, जानेवारी २०२५ च्या शेवटी, एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पंधरा नव्हे, १४.९५. बाटा कंपनीने राज्याला बरंच काही शिकवलं आहे. बायकोला निम्मं तिकीट आहे, ते चांगलंच आहे. पण शिपाई तो आहे, बायको नाही.

आणि तारखांचा योग पाहा. करकपात लागू झाली १ एप्रिल २०२५ ला. त्याच आठवडाभरात, ७ एप्रिलला, पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवल्याचं आणि घरगुती गॅस सिलिंडर पन्नास रुपयांनी महाग झाल्याचं जाहीर झालं. उज्ज्वलावाल्यांनाही पन्नासच. पंपावरचा भाव वाढला नाही, कारण तेव्हा जगात कच्चं तेल उतरत होतं. म्हणजे जो उतार आपल्या खिशात यायचा तो वाटेतच उतरवून घेतला. एका हाताने बारा लाखवाल्याला दिलं आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांकडून थोडं थोडं गोळा केलं, असं मी म्हणणार नाही. तारखा म्हणतात.

गरिबाचा आयकराशी संबंधच येत नाही, हेही अर्धंच खरं. गावातला छोटा ठेकेदार ग्रामपंचायतीची गटारं बांधतो, बिलातून एक टक्का टीडीएस जातो. त्याचा वर्षाचा नफा करपात्र नाही, पण कापलेले परत हवे तर विवरणपत्र भरायला हवं, त्यासाठी टॅक्सवाल्याकडे जायला हवं, त्याची फी द्यायला हवी. कित्येकदा हिशेब असा बसतो की परतावा सोडून देणं स्वस्त. मुंबई-गोवा महामार्गात जमीन गेलेल्या म्हातारीने मोबदला बँकेत ठेवला, तर व्याजावरचा टीडीएस टाळायला दरवर्षी फॉर्म भरून द्यायचा: मी गरीब आहे, कृपया कापू नका. पॅन आधारला वेळेत जोडलं नसेल तर ते निकामी, मग दहाच्या जागी वीस टक्के, आणि जोडायची दंडासह फी एक हजार रुपये. कर लागत नाही हे सिद्ध करायचाही खर्च असतो, आणि तो खर्च सगळ्यांना सारखा. महामार्ग मात्र २०११ पासून चालूच आहे, त्याला कुणी दंड लावलेला ऐकला नाही.

हा विनोद फक्त आपल्याकडे होतो असंही नाही. अमेरिकेत २०२४ च्या निवडणुकीत टिपवरचा कर माफ करायचं वचन दिलं गेलं आणि जुलै २०२५ मध्ये ते कायद्यात आलं. हॉटेलात टिपवर जगणाऱ्या कित्येकांची कमाई एवढी तुटपुंजी, की त्यांना संघीय आयकर मुळात लागतच नव्हता. तिथेही शून्यातून वजा. तिथल्या बाकावरही कुणीतरी विचारलं असेल, ‘कुनाचं?’

या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले इथलेच, गुहागरातल्या कोतळूकला १८६६ साली जन्मलेले. वडील गेले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणाला धाडत आणि सातात स्वतःचा संसार रेटत. वर्षाचे झाले एकशे ऐंशी. पुढे १८८६ चा आयकर कायदा आला, त्यात पाचशे रुपयांपर्यंत माफी होती. म्हणजे गोविंदरावांच्या पगाराच्या माणसाला आयकर शून्य. पण मीठ त्यालाही लागत होतं, आणि मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवर जाऊन बसला होता. बडोद्याचे महाराज आणि पंधरा रुपयांचा कारकून, दोघांच्या आमटीत मीठ सारखंच पडतं.

मार्च १९०२ मध्ये गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. सरकारची तिजोरी शिलकीत होती आणि त्या शिलकीचं कौतुक चाललं होतं. गोखल्यांनी विचारलं ते असं, की देश दुष्काळाने पिचलेला असताना ही शिलक आली कुठून? आणि मागण्या केल्या: मिठावरचा कर उतरवा, आयकराची माफी पाचशेवरून हजारावर न्या, कापडावरचं उत्पादन शुल्क काढा. आयकराची माफी त्यांनीही मागितली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मध्यमवर्गाचा द्वेष त्यांच्यात नव्हता, ते स्वतः त्याच वर्गात चढून आले होते. पण त्यांनी मीठ सोडलं नाही. पंधरा रुपयांच्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की आयकराची सूट त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही, मिठाची पोचते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, कर्झनच्या सरकारने दोन्ही केलं. आयकराची मर्यादा हजारावर गेली आणि मिठाचा कर दोन रुपयांवर आला, मग दीडवर, आणि कर्झन गेल्यावर, १९०७ पर्यंत, एका रुपयावर. कर्झनने! लॉर्ड कर्झनचा गरिबांबद्दलचा कळवळा आमच्या सदरात नोंदवायची वेळ यावी, यापरते दिवस कोणते?

न्याय करायचा तर आपल्याकडचं मीठही थोडं उतरलं, हे सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर खाली आले. अंगाचा साबण, दात घासायची पेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून पाचावर. बिस्किटंही पाचावर. छत्री बारावरून पाचावर, आणि छत्री हा कोकणात अवयव आहे. सिमेंट २८ वरून १८. यात सरकारने ४८ हजार कोटी सोडल्याचा अंदाज होता. ही खरी सूट. ती मिळवायला पॅन लागत नाही, बारा लाख लागत नाहीत, अंगाला साबण लावायची इच्छा असली की पुरे. जुलै २०२२ मध्ये पाकिटातल्या तांदळावर, पिठावर, दह्यावर पाच टक्के लावणारंही हेच सरकार होतं, हे आठवतं. पण बरं केलं त्याला बरं म्हणावं. आता पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं काय झालं? पुडा पाचालाच राहिला. साडेचारला विकायचा तर सुटे पैसे कोण देणार, म्हणून कंपन्यांनी पुड्याचं वजन वाढवायचा मार्ग धरला. गरिबाची करकपात ग्रॅममध्ये येते. आणि पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहे, म्हणून त्या उत्सवात आपला शिपाई गाडी लांब लावूनच उभा होता.

या शिपायाच्या पगारपत्रकात मात्र एक रकाना आहे. त्यात शून्य नाही.

पी.टी. व्यवसाय कर. राज्याचा, १९७५ च्या कायद्याचा. महिना साडेसात हजारांपर्यंत माफ, पुढे दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये, आणि दहा हजारांच्या वर वर्षाला अडीच हजार. अकरा हजारवाल्याला अडीच हजार. एक लाखवाल्याला अडीच हजार. महिना वीस लाख घेणाऱ्या कंपनीच्या बड्या साहेबालाही अडीच हजार. कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराची वरची मर्यादाच तेवढी आहे; १९८८ मध्ये ती अडीचशेवरून अडीच हजारांवर नेली आणि तिथेच ती गोठली. वरच्याकडून जास्त घेता येत नाही, हे समजलं. खालच्याकडून कमी घेऊ नका, असं कुठल्या कलमात लिहिलं आहे? शिपायाच्या वर्षाच्या कमाईचे जवळपास १.९ टक्के जातात, बारा लाखवाल्याचे ०.२. ज्याला दिल्लीने बारा लाखांपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं, त्याच्याइतकाच कर मुंबई अकरा हजारवाल्याकडून घेते, आणि तो उगमातच कापते, म्हणजे मागायचाही संकोच नको.

बायकांना २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे. उत्तम. म्हणजे मर्यादा वाढवता येते, कलम उघडता येतं, आकडा खोडून दुसरा लिहिता येतो, हे राज्याला माहीत आहे.

या कराचा जन्म ऐकला तर हसावं की काय ते कळत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी पैसा कुठून, तर शहरातल्या पगारदाराकडून. म्हणून व्यवसाय कर. मुंबईच्या कचेरीतल्या बाबूने महिन्याला चार पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या बिनकामाच्या माणसाच्या हातात कुदळ द्यायची. कल्पना सुरेखच होती, आणि ती चालली. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, तेव्हा कोकणातल्या वरकस जमिनींवर, कातळांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. त्यात मुंबईतल्या पगारदाराच्या पी.टी.चा वाटा आहे. मी तर म्हणतो, करातून काजूगर निघाल्याचं हे जगातलं दुर्मीळ उदाहरण असावं.

पण तो कर ‘बऱ्यापैकी पगार असलेल्याने बेकारासाठी’ असा होता. आकडे पगारांच्या मानाने न हलल्याने आज तो खेड्यातल्या शिपायावर, काजूच्या कारखान्यातल्या हमालावर, खासगी शाळेतल्या कंत्राटी मास्तरावर बसतो. रोजगार हमीवर जायची पाळी येऊ नये म्हणून ज्याने अकराची नोकरी धरली, तोच आता हमीसाठी बसवलेल्या कराचा दाता. १९९० साली अर्थमंत्री होते आमच्या कोकणचे, राजापूरचे खासदार मधु दंडवते. त्यांनी आयकराची माफी १८ हजारांवरून २२ हजारांवर नेली होती. पस्तीस वर्षांत त्या बावीस हजारांचे सवलतींसह बारा लाख झाले, म्हणजे चौपन्न पट. दंडवत्यांच्या आधीपासून गोठलेला अडीच हजारांचा आकडा तिथेच. आयकराच्या नव्या पद्धतीत तर व्यवसाय कराची वजावटही मिळत नाही. शिपायाला त्याचं दुःख नाही, कशातून वजा करायची हाच प्रश्न आहे.

निवडणुका येतात तेव्हा आमच्याकडे वचनांची भाऊगर्दी असते. लाडक्या बहिणीच्या पंधराशेचे एकवीसशे करू म्हणतात, स्मारक बांधू म्हणतात, महामार्ग येत्या गणपतीपर्यंत पुरा करू म्हणतात. कुठल्या गणपतीपर्यंत ते म्हणत नाहीत. आयकर कमी करू हे तर दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळे म्हणतात. पुरुषांच्या व्यवसाय कराची मर्यादाही बायकांसारखी पंचवीस हजारांवर नेतो, असं म्हणणारा उमेदवार आजवर संगमेश्वरच्या पेठेत माइकसमोर उभा राहिलेला नाही. त्या मागणीची संघटना नाही, तिच्यावर टीव्हीवर चर्चा होत नाही, आणि तिच्या बाजूने बोलायला सनदी लेखापाल मिळत नाही, कारण अकरा हजारवाल्याला लेखापाल परवडत नाही.

एक बारीकशी गोष्ट पगारपत्रकातली. अडीच हजारांना बाराने सरळ भाग जात नाही. म्हणून राज्याने सोय अशी केली आहे, की अकरा महिने दोनशे दोनशे कापायचे आणि उरलेले शंभर एका महिन्यात जास्त घ्यायचे. त्या महिन्यात शिपायाच्या पगारातून तीनशे जातात. वर्षाला महिने बारा, पण निवडला तो फेब्रुवारी. त्याच महिन्याच्या एक तारखेला दिल्लीत अर्थसंकल्प असतो.